वारा फुकट, वीज मोजून

मुंबईत, कुलाब्याच्या बाजूला, सुतारांनी सागवानात घडवलेली ३२ फुटांची एक नौका १९६४च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. नाव ‘सुहेली’. आखातातले दर्यावर्दी आग्नेयेच्या वाऱ्याला या नावानं ओळखत. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. १४ जून १९६८ रोजी तो हीच नौका घेऊन इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि कुठेही न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी त्याच बंदरात परतला. असं करणारा तो पहिला माणूस. ही एक शर्यत होती; तीत उतरले होते नऊ जण, पूर्ण केली ती त्यानं एकट्यानं.

या सफरीतल्या वादळांच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. एक किस्सा मात्र वादळाचा नाही, बॅटरीचा आहे. बॅटऱ्या भरण्यासाठी नौकेवर एक छोटं इंजिन होतं आणि ते भर समुद्रात रुसलं. मॅग्नेटोच्या पॉइंटमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजून १२ ते १५ इतकी ठेवायला हवी होती. ती मोजायची फीलर गेज, म्हणजे कुठल्याही गॅरेजात खुंटीला टांगलेली असते ती पातळ पात्यांची जुडी, नौकेवर नव्हती. नॉक्स-जॉन्स्टननं आपली वही उचलली आणि एका इंचात किती पानं बसतात ते मोजलं. दोनशे भरली. म्हणजे एक पान पाच हजारांश इंच जाड, तीन पानं म्हणजे पंधरा. वहीच्या पानांनीच त्यानं फट बेतली.

पुढे रेडिओनं दगा दिलाच. न्यूझीलंड मागे पडल्यावर साडेचार महिने ‘सुहेली’चा कुणालाच पत्ता नव्हता. एप्रिल १९६९मध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला ती दिसली, तेव्हा माणूस जिवंत असल्याचं जगाला कळलं.

शिडाच्या होडीला वीज कशाला लागते, असा प्रश्न किनाऱ्यावरचा माणूस हमखास विचारतो. वारा आहे, शीड आहे, चाललीच की होडी! होडी चालते, हे खरं. पण रात्री ती दुसऱ्याला दिसायला हवी, आपण कुठे आहोत हे कळायला हवं, समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाशी बोलता यायला हवं, आणि एकटा माणूस डुलकी घेत असताना सुकाणू कुणीतरी धरायला हवं. ही सगळी कामं आता विजेवर चालतात. ती वीज येते एका चौकोनी, जड, दुर्लक्षित खोक्यातून, जे बहुधा झोपायच्या फळीखाली किंवा इंजिनाच्या कुशीत दडवलेलं असतं. नौकानयनाची हौस आता आपल्याकडेही वाढते आहे. नव्या होड्यांवर पडदे, दिवे, फ्रिज, स्पीकर यांची रेलचेल असते. बॅटरीकडे पाहायला मात्र कुणाला सवड नसते, आणि ती बसली की दोष दुकानदाराला. खरं तर बहुतेक बॅटऱ्या आपल्या मरणानं मरत नाहीत. त्या उपाशी ठेवून मारल्या जातात.

*

आधी खर्च पाहू, कारण घोळ तिथून सुरू होतो. समजा, तीस फुटांची एक नौका फेब्रुवारीत मुंबईहून गोव्याला निघाली. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे पाच नॉटच्या चालीनं दोन दिवस आणि दोन रात्री. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा एलईडी असेल तर रात्रभरात तीन अँपिअर-अवर खातो (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर). व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तरी दिवसाला दहा. नकाशा दाखवणारा पडदा चोवीस तास चालू ठेवला तर चोवीस. एआयएस, म्हणजे आपली जागा इतर जहाजांना कळवणारं यंत्र, पाच-सहा. फोन, पंखा, केबिनमधला दिवा मिळून दहा धरा. झाले बावन्न-त्रेपन्न. आता त्यात ऑटोपायलट घाला. सुकाणू हलवणारी ही मोटर सरासरी तीन अँपिअर घेते. लाटा मागून येत असतील आणि शिडांचा तोल नीट साधलेला नसेल तर जास्तच. वीस तासांचे साठ. एकूण शंभराच्या वर.

होडीत मात्र शंभर अँपिअर-अवरची एकच शिशाची बॅटरी असते. तिच्यातले निम्मेच बिनघोर वापरता येतात, कारण रोज त्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे संध्याकाळी रेवस-मांडव्याचे दिवे मागे टाकून निघालेली ही नौका दुसऱ्या दिवशी सकाळी, दाभोळच्या खाडीपर्यंत पोचली न पोचली तोच कर्जबाजारी.

यावर दुकानातला सल्ला ठरलेला असतो: अजून एक बॅटरी टाका. बहुतेकांना तो पटतो आणि इथेच गणित चुकतं. मिळकत तेवढीच ठेवून तिजोरी मोठी केली तर पैसे वाढत नाहीत. दोन बॅटऱ्या झाल्या की दोन्ही अर्धपोटी राहतात, आणि एकीच्या जागी दोन मरतात.

त्याऐवजी खर्चाची वही उघडली तर काय दिसतं? नांगरावर उभ्या नौकेनं रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जुन्या पद्धतीचा २५ वॅटचा बल्ब असेल तर तो तासाला दोन अँपिअर-अवर खातो, बारा तासांत चोवीस. त्याच ठिकाणी एलईडी लावला तर दोन-तीन. एक बल्ब बदलला आणि रोजचे वीस अँपिअर-अवर वाचले. एवढी वीज जमवायला शंभर वॅटच्या सौर पॅनलला दिवसाचा बहुतेक वेळ उन्हात बसावं लागतं. ऑटोपायलटचंही तसंच. वाऱ्याच्या पंख्यावर चालणारं यांत्रिक सुकाणू, ज्याला विंडवेन म्हणतात, ते विजेचा एक थेंब घेत नाही. ब्लाँडी हॅस्लर या इंग्रज सैनिकानं १९६०च्या अटलांटिक शर्यतीत ते वापरून दाखवलं आणि आज साठ वर्षांनीही एकट्यानं लांब पल्ले मारणाऱ्यांचा त्यावरच भरवसा आहे. ते मोडतं, हेही खरं; ‘सुहेली’वरचं ऑस्ट्रेलियाजवळ मोडलंच. मग नॉक्स-जॉन्स्टननं शिडांचा तोल असा बसवला की नौका बराच काळ आपली आपण सरळ चालत राहिली. शिडं नीट बांधता येणं हीसुद्धा वीजबचतच, पण ती दुकानात मिळत नाही.

नॉक्स-जॉन्स्टनच्याच शर्यतीत त्याच्या उलट टोकाचा माणूस होता. डोनाल्ड क्रोहर्स्टचा जन्म १९३२ साली गाझियाबादचा. इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवणारा हा हुशार माणूस. ‘टीनमथ इलेक्ट्रॉन’ या आपल्या तीन काठ्यांच्या नव्हे, तीन सांगाड्यांच्या नौकेत त्यानं विजेवर चालणाऱ्या नाना युक्त्या योजल्या होत्या. त्यातल्या कित्येक निघण्याच्या दिवशीही अर्धवटच होत्या. पंधरा दिवसांच्या आतच कॉकपिटच्या तळातल्या झाकणातून पाणी झिरपलं आणि खालच्या जनरेटरवर साचलं. वीज नाही तर रेडिओ नाही, दिवे नाहीत, त्या युक्त्याही नाहीत. पुढे त्यानं जनरेटर दुरुस्त केला. पण एव्हाना नौकेवरचा आणि स्वतःवरचा विश्वास उडाला होता. खोट्या जागा कळवत तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला. जुलै १९६९मध्ये नौका रिकामी सापडली. त्या शोकांतिकेला कारणं अनेक होती. तरी जनरेटर नेमका गळक्या झाकणाखाली बसवला गेला, ही बारीकशी गोष्ट कुठल्याही नौका बांधणाऱ्यानं डोक्यात ठेवावी अशी आहे.

*

आता बॅटरीचा स्वभाव. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली बनवली. मूळ रसायन आजही तेच आहे: शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल. ती वापरली की प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो, भरली की तो विरघळतो. थर ताजा असेपर्यंत सहज जातो. बॅटरी आठवडाभर अर्धवट भरलेली राहिली की त्याचे कडक खडे बनतात, आणि ते मग कितीही चार्जिंग केलं तरी निघत नाहीत. खड्यांनी व्यापलेली जागा कायमची गेली. बाहेरून बॅटरी तीच दिसते, लेबलावर शंभर लिहिलेलं असतं, आत साठच उरलेले असतात.

ती पूर्ण भरायची म्हणजे काय, हे समजायला लग्नाची पंगत आठवावी. पाहुणा भुकेला बसला आहे तोवर वाढप्याला उसंत नसते. भात, वरण, पुऱ्या, जे येईल ते पानात रिचतं. पोट भरत आलं की हात आडवा येतो. तिथून पुढे चालतो तो आग्रह: एक जिलबी, मग अर्धी, मग ‘आमच्यासाठी एवढीच’. बॅटरीचंही तसंच. निम्मी उतरलेली बॅटरी पहिल्या तासात वीस-पंचवीस अँपिअर घेते. ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की हात आडवा. चार्जरनं १४.४ व्होल्टचा आग्रह धरून ठेवला तरी ती थोडं थोडंच घेते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना चार-पाच तास लागतात. घाईला इथे जागाच नाही.

नेमकी हीच घाई बहुतेक होड्यांवर होते. संध्याकाळी नांगर टाकला की मालक अर्धा तास इंजिन लावतो आणि बॅटऱ्या भरल्या म्हणून समाधानानं बंद करतो. तो अर्धा तास म्हणजे पंगतीत पहिला भात वाढून वाढप्या निघून गेला! शिवाय छोट्या डिझेल इंजिनावर येणारा अल्टरनेटर बहुधा मोटारगाडीच्या जातीचा असतो. त्याचं काम स्टार्टरनं खाल्लेली थोडी वीज परत भरून देणं. त्यामुळे तो सुरुवातीचा जोर ओसरताच स्वतःच हात आखडता घेतो. भरीस भर म्हणजे डिझेल इंजिन रिकामं, भार न देता, तासन् तास चालवलं तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, तेल जळू लागतं, निळा धूर येतो. बॅटरी वाचवायला इंजिन घालवायचं, हा सौदा कुणाच्याच फायद्याचा नाही. कोकण किनाऱ्यावर मतलई वारा पडला आणि खारा अजून सुरू व्हायचा आहे, अशा सकाळच्या दोन-तीन तासांत होडी पुढे नेण्यासाठी इंजिन लावलंच असेल, तर तेव्हाचं चार्जिंग पदरात पडलेलं दान समजावं. निव्वळ चार्जिंगसाठी रोज इंजिन लावणं मात्र आळस.

आणखी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि दिवे-पंख्यांची वेगळी. पहिलीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिला क्षणभर प्रचंड जोर द्यायचा असतो. दुसरीच्या जाड, कारण तिला रात्रभर थोडं थोडं द्यायचं असतं. एकीचं काम दुसरीला सांगितलं की दोन्ही बिघडतात. रात्री फॅन लावून झोपलं आणि पहाटे नांगर सरकू लागल्यावर इंजिनाची किल्ली फिरवली तर नुसती ‘टक्’ ऐकू येते, तेव्हा हा भेद कळून उपयोग नसतो.

*

मग शेवटचे वीस टक्के भरायचे कुणी? तर ज्याला घाई नाही त्यानं. म्हणजे उन्हानं.

सौर पॅनलबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. शंभर वॅटचं पॅनल शंभर वॅट देतं ते प्रयोगशाळेत, २५ अंश तापमानाला. मुंबईच्या मार्चातल्या दुपारी पॅनलचा पृष्ठभाग हाताला चटका बसेल इतका तापतो आणि २५ अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पन्न घटतं. होडी डोलते, पॅनल आडवं असतं, सूर्य तिरका असतो. तरीही आपल्या किनाऱ्यावरच्या स्वच्छ दिवशी असं पॅनल २५ ते ३० अँपिअर-अवर देतं. ऑटोपायलटविना चालणाऱ्या वरच्या नौकेला दोनशे वॅटमध्ये भागतं.

सावली मात्र या व्यवहारातला खरा चोर. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक साखळीत जोडलेले असतात. त्यामुळे कोपऱ्यातल्या एकाच सेलवर सावली पडली तरी सगळ्या साखळीचा प्रवाह अडतो. हे पाहायचं असेल तर होडीवर एक साधा प्रयोग करावा. भर दुपारी पॅनल पाच अँपिअर देत असताना कंट्रोलरच्या आकड्यावर नजर ठेवायची आणि शिडाखालची आडवी काठी हातानं थोडी सरकवून तिची पट्ट्याएवढी सावली पॅनलवर येऊ द्यायची. सावलीनं झाकलेला भाग दहावा हिस्सासुद्धा नसतो. आकडा मात्र निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतो. काठी परत बांधली की आकडा पुन्हा वर. दोन मिनिटांचा हा खेळ पाहिलेला माणूस पॅनल डोलकाठीच्या बुडाशी कधीच बसवत नाही, ते होडीच्या पार मागे, दोरांच्या जंजाळापासून दूर नेतो. एका मोठ्या पॅनलऐवजी दोन छोटी, दोन बाजूंना, आणि प्रत्येकाला वेगळा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा) कंट्रोलर, हा खर्च वाटतो तितका चैनीचा नाही. एक सावलीत गेलं तरी दुसरं कमावत राहतं.

वाऱ्यावरची चक्की ऐकायला मोहक. शिडाच्या होडीला वाऱ्याचीच वीज, किती जुळून येतं! पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं बदलते. वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिस्स्यावर. आठ-दहा नॉटच्या खाली ही चक्की शोभेपुरती फिरते, आणि नौका वाऱ्याच्याच दिशेनं पळत असेल तर तिला जाणवणारा वारा आणखी कमी. कॅरिबियन बेटांत, जिथे व्यापारी वारे दिवसरात्र वाहतात, तिथे तिचा संसार चालतो. कोकणात दुपारचे चार तास सोडले तर ती बेकार. पाण्यात पंखा सोडून धावत्या होडीच्या वेगावर वीज काढणारे हायड्रोजनरेटर लांब पल्ल्याला उत्तम. फ्रान्सच्या व्हेंदे ग्लोब शर्यतीत ते सर्रास दिसतात. त्याच शर्यतीत २०१६-१७ साली कॉनराड कोलमननं डिझेलचा थेंबही न जाळता प्रदक्षिणा पूर्ण केली, आणि तीही शेवटी डोलकाठी मोडल्यावर जुगाडू शिडावर. मात्र त्याची नौका ६० फुटी, शर्यतीसाठीच घडवलेली. चार-पाच नॉटनं रमतगमत जाणाऱ्या तीस फुटीला त्यातून मिळतं बेताचं आणि वेगातला अर्धा-पाऊण नॉट त्यात खर्ची पडतो.

राहिली लिथियम. सध्या तिचा बोलबाला आहे आणि तो निराधार नाही. शंभर अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी २८-३० किलोची, तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा-तेरा किलोची, आणि तिच्यातले ऐंशी-नव्वद खुशाल वापरता येतात. तिचा सगळ्यात मोठा गुण जाहिरातीत फारसा येत नाही: ती अर्धी भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. आग्रहाची पंगत नाही, मिळेल तेव्हा मिळेल तितकं गपागप खाते. ढगाळ आठवड्यात हा गुण सोन्यासारखा.

पण हाच गुण छोट्या अल्टरनेटरच्या जिवावर उठतो. लिथियम मागेल तितकी वीज ओढते. इंजिन मंद चालू असेल तर अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि मग त्याची गुंडाळी तापून जळते. शिवाय बॅटरीच्या आतला रक्षक, म्हणजे बीएमएस, एखादा सेल जास्त भरला की एका क्षणात दार बंद करतो. वाहता प्रवाह असा अचानक तुटला की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड उडतात, कधी सोबत रेडिओही जातो. म्हणून जुनी काढली आणि त्याच तारांना लिथियम जोडली, हे चालत नाही. मध्ये योग्य चार्जर हवा, फ्यूज हवा, कुणीतरी समजून जोडायला हवं. महिनोन् महिने होडीवरच राहणाऱ्याला हा खर्च रास्त आहे. रविवारी एलिफंटापर्यंत जाऊन येणाऱ्याला शिशाची एक चांगली बॅटरी, पन्नास-शंभर वॅटचं पॅनल आणि एलईडी दिवे पुरतात. त्याला लिथियम गळ्यात मारणारा विक्रेता त्याचं भलं करत नाही.

*

आपल्याकडच्या होडीचं दुखणं आणखी एक. कोचीत बोलगट्टीच्या मरिनात धक्क्याला लागलेल्या नौकेला पाणी आणि वीज मिळते. मुंबईत अशा मरिनाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. गेटवेसमोरच्या होड्या मात्र अजून बोयाला बांधलेल्या डुलतात, विजेच्या तारेपासून लांब. ऑक्टोबर ते मे हा त्यांचा हंगाम. जूनच्या आधी त्या पाण्याबाहेर काढून ताडपत्रीखाली जातात. बॅटऱ्यांचा खरा संहार होतो तो याच चार महिन्यांत, जेव्हा होडी हलतही नाही. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला काही टक्के आपोआप उतरते, आणि उकाड्यात ते प्रमाण वाढतं. ताडपत्रीखाली पॅनलला ऊन नाही. त्यात पाणी उपसणारा पंप किंवा एखादा विसरलेला दिवा चालू राहिला तर नारळी पौर्णिमेपर्यंत आत फक्त खडे उरतात. मालक ऑक्टोबरात येतो, बॅटरी बसलेली बघतो, जुनी भंगारात किलोवर देऊन नवी घेतो. दरवर्षी. हे टाळायला यंत्र लागत नाही: बॅटरी पूर्ण भरायची, तारा सोडवायच्या, शक्य असेल तर घरी आणायची आणि महिन्यातून एकदा रात्रभर चार्जरला लावायची. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर पाहायचं, नळाचं चालत नाही. समुद्राचं पाणी तर आत जाताच कामा नये, त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद केबिनमध्ये तो जीव घेऊ शकतो.

सगळं करूनही एक दिवस वीज जाणार, हे धरूनच होडी सजवावी. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची ‘तुरिया’ वादळात लोळली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. ही नौका ‘सुहेली’चीच प्रतिकृती, गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस यार्डात बांधलेली. त्याच यार्डात ‘म्हादेई’ घडली होती, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये प्रदक्षिणा केल्या. मुख्य सॅटेलाइट फोन निकामी झाला होता, दुसरा आपत्कालीन पिशवीत, आणि टॉमींना बिछान्यातून उठता येत नव्हतं. तुटक संदेश बाहेर गेले ते हातात मावणाऱ्या, स्वतःची बॅटरी असलेल्या एका उपकरणावरून. तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजानं त्यांना उचललं. संकटात हाक मारायचं साधन होडीच्या बॅटरीवर कधीच अवलंबून नसावं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. ईपर्ब या आपत्कालीन बीकनमध्ये सीलबंद बॅटरी असते आणि ती किमान ४८ तास चालली पाहिजे असा दंडक आहे, तो यासाठीच. तिच्यावर छापलेली मुदतीची तारीख शेवटची कधी वाचली, असं होडीवाल्यांना विचारून पाहावं.

हा विषय केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये, उद्दिष्ट एक लाख नौकांचं. उपग्रहामार्फत वादळाचा इशारा मिळणार, संकटात तांडेलाला संदेश पाठवता येणार. योजना चांगलीच आहे. मोठ्या ट्रॉलरवर इंजिन दिवसरात्र चालतं, तिथे विजेची चिंता नाही. पण दोरी ओढून सुरू होणाऱ्या आउटबोर्डच्या छोट्या होडीवर बहुधा अल्टरनेटरच नसतो. तिथे बॅटरी घरून भरून न्यावी लागते, आणि ती भरली की नाही हे अंदाजानं ठरतं. खाऱ्या हवेत तारा हिरव्या-काळ्या पडतात, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढते, आणि यंत्र नेमकं हवं तेव्हा मुकं होतं.

म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याला आणि मच्छीमार सोसायट्यांना एक विनंती. ट्रान्सपाँडरच्या प्रत्येक खोक्यासोबत काही शे रुपयांत मिळणारा एक व्होल्टमीटर द्या, तो बॅटरीशेजारी बसवून द्या, आणि त्याखाली मराठीत तीन ओळींचं स्टिकर लावा. सगळं बंद करून दोन-तीन तासांनी वाचायचं: १२.६ म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी, आजच भरा. १२च्या खाली असेल तर होडी किनाऱ्यावरच ठेवा.